दिवसाचा डोळा आणि दगडी पाला

जखमेवर मीठ चोळणं हा तुमच्याकडे वाक्प्रचार असेल. आमच्या घरात तो रोजचा प्रकार होता. आई-वडील दोघं उरणच्या बाजूला मिठागरात कामाला. मालक दुसरा, मीठ पिकवायच्या कोंड्या, म्हणजे वाफे, दुसऱ्याचे, पाय तेवढे आमचे. खाऱ्या पाण्यात दिवसभर उभं राहून टाचा फाटायच्या, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच चिरा घेऊन पुन्हा मिठात. आई बांधावरचा पाला खुडायची, दगडावर ठेचायची, रस पिळून वर चोथा दाबायची आणि चिंधी बांधून कामाला लागायची. ते औषध आहे असं आम्हाला कोणी सांगितलं नाही. औषध दवाखान्यात मिळतं, हा तर पाला.

थोरला भाऊ चौथीतून निघाला. मला शाळेत ठेवलं ते हुशार म्हणून नाही. मिठाची टोपली डोक्यावर घेतली की माझी मान लचकायची, म्हणून. वडील म्हणायचे, "ही टोपलीच्या कामाची नाय, हिला शिकूद्या." असं माझं शिक्षण सुरू झालं. पुढे नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, मिठागर बंद पडलं, वडील त्याच नव्या शहराच्या रस्त्यांवर खडी टाकायला जाऊ लागले. मी पनवेलला इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. गावात पहिली. बायकांत नव्हे, सगळ्यांत पहिली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण लोक ते विसरतात.

एम.ए.ला मुंबईत गेले आणि पहिल्याच सत्रात माझं हसं झालं. एका इंग्रजी कवितेवर लिहिताना डेझी या फुलाबद्दल मी लिहिलं, 'हे फूल इंग्रज स्त्रिया वेणीत माळतात व देवीला वाहतात.' माझ्या गाईडात 'डेझी म्हणजे शेवंती' असं छापलेलं होतं. शेवंतीचं आपण काय करतो? तेच मी लिहिलं. सरांनी तो कागद वर्गात वाचून दाखवला. सगळे हसले. माझ्या शेजारची, जिच्या घरी इंग्रजी मासिकं येत, ती सर्वांत जास्त हसली. तिनंही डेझी पाहिलेली नव्हती, पण तिच्या गाईडात बरोबर छापलं होतं.

म्हणून शेवटच्या वर्षी लघुप्रबंधाला विषय घेतला तो डेझीचाच. मध्ययुगीन इंग्रजीत तिचं नाव आणि तिचे उपयोग. सर म्हणाले, "तुम्ही लोकगीतांवर काम करा. तुमच्याकडे मिठागराची गाणी असतील ना?"

मी म्हटलं, "आहेत. पण मी डेझीवर करणार."

एक वर्ष मी ग्रंथालयात घासलं. जुन्या इंग्रजीत तिला 'डॅयेस एये' म्हणत, म्हणजे दिवसाचा डोळा. उजाडलं की उघडतं, मावळलं की मिटतं, म्हणून. शतकं गेली, तोंडात शब्द झिजला आणि डेझी झाला. आता इंग्रजाला विचारलं तर त्यालाही त्यात दिवस दिसत नाही की डोळा. आणि हे फूल तेव्हा नुसतं बघायचं नव्हतं. मुक्या मारावर त्याचा पाला ठेचून लावत, म्हणून दुसरं नाव 'ब्रूझवर्ट'. ब्रूझ म्हणजे मुका मार, वर्ट म्हणजे पाला. लढाईतल्या जखमांवर त्याच्या रसात भिजवलेल्या पट्ट्या बांधत. हाडं सांधायला देत, त्यावरून लॅटिनमध्ये 'सांधणारी' असंही नाव. लोण्यात कढवून सुजेवर मलम. आणि नावात डोळा आहे म्हणून डोळ्यांचं औषधही करत.

'वर्ट म्हणजे पाला' हे मी लिहिलं. आईचा ठेचलेला पाला आठवला. मी तशा दोन ओळी लिहिल्या आणि तिथेच फसले. सरांनी त्या ओळींखाली लाल रेघ मारली. "हे सिद्ध करा. गावात जाऊन नावं, उपयोग, सांगणाऱ्यांची नावं आणा. परिशिष्ट म्हणून शेवटी जोडू. मंगळवारपर्यंत आलं नाही तर प्रबंध पुढच्या वर्षावर." मग चष्मा काढून म्हणाले, "नाहीतरी तुम्ही डेझी पाहिलेली नाही. निदान पाहिलेलं काहीतरी असू दे त्यात."

पुढचं वर्ष माझ्याकडे नव्हतं. हॉस्टेल जूनमध्ये सुटणार होतं आणि घरी माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. तेव्हा हा प्रवास हौसेचा नव्हे. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. खाडीपलीकडे फ्लॅट बुक करणाऱ्या तुम्ही मंडळींनी तेव्हा तिकडे पाऊलही ठेवलं नव्हतं, म्हणून सांगते.

गुरुवार, मोरा

भाऊच्या धक्क्यावरून लाँच. उतरताना मोऱ्याच्या धक्क्यावर शेवाळावरून माझा पाय घसरला आणि गुडघा फुटला. संशोधनाची सुरुवात अशी रक्ताने झाली. धक्क्याजवळच आत्या राहते. तिच्या दारात पोचले तर ती वाकट्या मासे वाळत घालत होती.

"आलीस गो? आन् ह्यो गुडघा कुनी फोरला?"

"घसरले. आत्या, तो पाला आहे का गं, आई लावायची तो?"

"हाय ना, परसात. पन तू तर मुंबैवाली. तुला पिवला मलम लागंल." तिनं कपाटातून मलमाची नळी काढली आणि माझ्या हातात दिली. मी पुन्हा पाला मागितला, तर म्हणाली, "शिकलेल्या मान्साला पाला लावला तर लोक हसतील मना."

संध्याकाळभर मी वही उघडून बसले आणि आत्या एक शब्द सांगेना. वहीकडे पाहून तिचं तोंड मिटायचं. निवट्यांचं कालवण मात्र पोटभर वाढलं, सोबत तांदळाची भाकरी. चिखलात उड्या मारणारा तो मासा मुंबईच्या हॉस्टेलात कोणी ताटातही घेणार नाही. तिथे मी वर्षभर पातळ वरण खाऊन तोंडाची चव घालवली होती. जेवताना वही बंद होती, तेव्हाच आत्या सहज बोलून गेली, "एकदांडी म्हनतात तिला आमच्याकरं. एका दांड्यावर एकच फूल, म्हनून." मी वहीकडे हात नेला तशी ती उठून हात धुवायला गेली.

एक नाव मिळालं. पाल्याचा उपयोग कुणी सांगितला नाही, माझ्या गुडघ्यावर पिवळा मलम होता.

शुक्रवार, मिठागरांच्या वाटेवर

एस.टी.नं जासईच्या अलीकडे उतरून आत चालत गेले. पूर्वी जिथे मिठाचे पांढरे ढीग दिसायचे तिथे मातीचा भराव होता आणि भरावावर चुन्यानं आकडे टाकलेले दगड. बांध मात्र काही ठिकाणी शिल्लक होते आणि बांधावर तो पाला, लांब दांड्यांवर पिवळट मध्याची आणि पांढऱ्या टोकांची बारकी फुलं. आयुष्यभर पायाखाली तुडवलेली. मी वाकून वहीत पानाचं चित्र काढू लागले.

हीच माझी चूक झाली. आमच्या भागात कोणी पोर वही घेऊन झाडाकडे बघत लिहू लागलं की त्याचा एकच अर्थ होतो: जाणाऱ्या जमिनीवरच्या झाडांची भरपाई ठरवायला सरकारी माणूस आला. दहा मिनिटांत माझ्याभोवती वस्ती जमली.

"बाई, झारं मोजाया आली. चला, चला!"

एक म्हातारेबुवा मला दंडाला धरून स्वतःच्या परसात घेऊन गेले. "ह्यो आंबा लिवा. ह्यो बी आंबाच."

"बाबा, हे तर शेवग्याचं आहे."

"लिवा ना तुमी, आंबा लिवा. मागल्या साहेबानं शेवगा लिवला आन् वर आमचाच शेवगा खाऊन गेला."

मी पंचनाम्याची नाही, कॉलेजची आहे, असं परोपरीनं सांगितलं. कोणी ऐकेना. एक बाई तर माझ्यावर ओरडली, की त्या म्हातारेबुवांकडे, तिच्या दिराकडे, आधी गेले म्हणजे मी त्यांच्याकडून चहापाण्याचे पैसे घेतले असणार. मग खरं सांगायचं ठरवलं. म्हटलं, "इंग्लंडमध्ये एक फूल आहे, त्याचं नाव मी शिकते."

गर्दी लगेच पांगली. झाडं मोजणारी बाई उपयोगाची होती, ही कसली? राहिले ते म्हातारेबुवा आणि शेजारच्या ओट्यावर बसलेली मथीबाय. मथीबायनं पूर्वी माझ्या आईबरोबर मिठागरात काम केलेलं होतं, हे मला नंतर कळलं. ती मिठागरातली आहे हे मात्र तिच्या टाचा बघितल्यावर विचारायची गरज नव्हती.

"इंग्लंडच्या लोकांना बी दगर लागतो का?" तिनं विचारलं. दगर म्हणजे दगड.

"लागतो. तेही पाला ठेचून लावायचे. पूर्वी."

"मंग आता काय लावतात?"

"पिवळा मलम."

ती हसली. हसताना तिचे दोनच दात दिसले. "आमी दगरी पाला म्हनतो. दगरावर ठेचतो म्हनून."

"खोटं!" म्हातारेबुवा ओरडले. "दगर लागला की लावतात म्हनून दगरी पाला."

"तुमाला काय ठावं? ठेचत कोन होतं, तुमी का आमी?"

"आन् दगर लागत कुनाला होता?"

अर्धा तास दोघं भांडले. मी लिहीत राहिले, आणि आता वहीकडे कोणी बघत नव्हतं. म्हातारेबुवांचं खरं असेल तर त्या नावाची रीत ब्रूझवर्टसारखीच होती: जे बरं करतं त्यावरून नाव. मथीबायचं खरं असेल तर रीत निराळी, बाईच्या हातातल्या कामावरून पडलेली. कुठल्या इंग्रजी पुस्तकात मला तशी रीत सापडली नव्हती. कोण बरोबर ते मी आजही सांगू शकत नाही, आणि प्रबंधात दोन्ही लिहिलं.

उपयोग मथीबायनं सांगितले. कापलं तर रस पिळायचा, रक्त थांबतं. मुक्या मारावर चोथा गरम करून. पू झाला तर नाही लावायचा, आधी धुवायचं. मी विचारलं, "डोळ्यांत घालतात का? इंग्लंडमध्ये घालायचे, कारण त्या नावात डोळा आहे."

"नावात डोला हाय म्हनून डोल्यात?" मथीबायनं कपाळाला हात लावला. "पलीकरच्या गावाला हिला कंबरमोडी म्हनतात. मंग काय ती खाऊन मान्साची कंबर मोरते? एवरी शिकलीस, एवरं नाय विचारलंस त्यांना?"

नव्हतं विचारलं. एक वर्ष ते वाक्य मी पुस्तकांतून उतरवत होते आणि माझ्या डोक्यात हा साधा प्रश्न आला नव्हता. इंग्रजीत छापलेलं म्हणजे शहाणपणाचं, असं मीच धरून चालले होते. मला स्वतःचीच चीड आली.

निघताना तिनं माझा हात धरला. "तू सायबांकरं जाशील ना बेलापूरला? बांध जातील तवा दगरी पाला बी जाईल. त्याला बी लिवायला सांग त्यांच्या कागदात. आंबा परत लावता येतो. ह्यो कुनी लावत नाय."

मी 'जाईन' म्हणाले. का म्हणाले ते ठाऊक नाही.

शनिवार आणि रविवार, करंजाडे

पनवेलच्या कॉलेजात पहिलं वर्ष मी सायन्सला काढलं, तेव्हा मला वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई निवृत्त होऊन करंजाड्याला भावाच्या शेतघरात राहत होत्या. त्यांना दाखवायला मी पाला मुळासकट आणला होता. पनवेलच्या एस.टी. स्टँडवर पिशवी बाकावर ठेवून तिकीट काढायला गेले, परत येते तो एक शेळी शांतपणे माझा पुरावा खात होती. शेळीच्या मालकिणीनं वर मलाच सुनावलं, "असा चारा उघडा ठेवतात का?" करंजाड्याला पोचल्यावर बाईंच्या कुंपणापाशीच तो पाला पुन्हा मिळाला. उगवायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

बाईंनी भिंगातून पाहिलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली: "ही डेझीच्याच कुळातली. हे एक फूल नाही, बारीक फुलांची अख्खी वस्ती आहे एका दांड्यावर. डेझीही तशीच."

मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. सर म्हणाले होते, तुम्ही डेझी पाहिलेली नाही. तिची सख्खी नव्हे, पण चुलत बहीण मी लहानपणापासून पायाला बांधत होते!

दुसरी गोष्ट बाईंनी जेवताना सांगितली. "पण ही मूळची आपली नाही हं. अमेरिका खंडातून आलेली आहे. तुझ्या त्या मध्ययुगात ही इथे नव्हतीच."

म्हणजे सगळा खेळ संपला. इकडे ब्रूझवर्ट, तिकडे दगडी पाला, दोन्हीकडचे लोक एकाच काळी एकच शोध लावतात, असं सुंदर वाक्य मी मनात जुळवून ठेवलं होतं. ते खोटं ठरलं. मी म्हटलं, "बाई, मी हे लिहिलंच नाही तर? सरांना थोडंच कळणार आहे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. शिकवताना चुकीची आकृती काढली की पाहायच्या तसंच. "ताटात काय आहे तुझ्या?"

"ठेचा."

"मिरची कुठून आली?"

मी ताटातल्या ठेच्याकडे पाहिलं.

"तीही तिकडूनच आली. मग ठेचा तुझ्या आजीचा नाही का? आलेल्या झाडाला ज्यांनी नाव दिलं, ज्यांनी उपयोग शोधला, त्यांचं काम कमी होत नाही. पण खोटं लिहिलंस तर मात्र तुझं होईल."

रविवार मी तिथेच लिहिण्यात घालवला. आधीचं सगळं फाडलं. मी ओसरीवर बसलेली, बाई मधूनमधून येऊन विचारत, "झालं का?" आणि उत्तराची वाट न पाहता चहा ठेवून जात.

सोमवार, बेलापूर

दिलेला शब्द म्हणून मी बेलापूरला, नव्या शहराच्या जमिनींच्या कचेरीत गेले. नव्या इमारती, कोरे जिने, जिन्यात ओल्या चुन्याचा वास. एका टेबलावरून दुसऱ्यावर पाठवत शेवटी मला एका कारकुनापुढे उभं केलं. घाटावरचा माणूस असावा, बोलणं तसं मोकळं होतं.

"बोला ताई. तुम्ही बाधित का अर्जदार?"

"मी एम.ए.ला आहे."

"ते झालं हो. पण बाधित का अर्जदार?"

मी मथीबायचं म्हणणं सांगितलं. तो ऐकून घेत होता हे कबूल करते. मग त्यानं छापील तक्ता माझ्याकडे फिरवला. झाडाचं नाव, संख्या, वय. "हे बघा, फळझाड आहे, इमारती झाड आहे. गवताला रकाना नाही."

"गवत नाही ते. औषध आहे."

"मग दवाखान्याच्या खात्यात जावा," तो म्हणाला. थट्टा करत नव्हता, खरंच रस्ता सांगत होता. पलीकडच्या टेबलावरचा साहेब मात्र हसला. "कामगार बायका पाला लावतात म्हणून आता पाल्याचाही पंचनामा करायचा? उद्या उकिरडा मोजायला सांगाल."

मी म्हटलं, "माझी आई त्या बायकांतली आहे."

तो कागदांत तोंड घालून बसला. माफी त्यानं मागितली नाही, मीही थांबले नाही. मथीबायचं काम झालं नाही. ते माझ्याकडून होणारही नव्हतं, आणि तिला 'जाईन' म्हणताना हे मला माहीत होतं. याबद्दल मला स्वतःला माफ करता आलेलं नाही. तिचे ते बांध पुढच्या दोन वर्षांत गेले.

मुंबई

मंगळवारी सरांसमोर कागद ठेवले. अमेरिकेची गोष्ट मी पहिल्या पानावरच लिहिली होती. सरांनी ती वाचली आणि कागद बाजूला सारले.

"मग मध्ययुगाशी संबंध काय उरला? काढून टाका हे सगळं. किंवा ठेवायचंच तर मागे, परिशिष्टात."

"नाही सर. हे तिसरं प्रकरण आहे."

"कशाच्या आधारावर?"

मी सांगितलं. मध्ययुगीन इंग्रजीतही 'सांधणारी' हे एक नाव चार-पाच वेगवेगळ्या झाडांना लावलेलं सापडतं. झाडं येतात-जातात, नावं एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. विषय झाडाचा नाही, नाव देणाऱ्यांचा आहे. कोणी फुलाकडे पाहून नाव देतो, त्याचं होतं दिवसाचा डोळा. कोणी जखमेकडे पाहून देतो, त्याचं ब्रूझवर्ट. पाहणाऱ्याचं नाव पुस्तकांत टिकलं, ठेचणाऱ्याचं मागे पडलं. आमच्याकडे ठेचणाऱ्यांचं नाव अजून तोंडात आहे. पुढच्या वीस वर्षांत तेही राहणार नाही, म्हणून ते प्रबंधाच्या मधल्या भागात हवं, शेवटी नको.

सरांनी पेनला टोपण लावलं. "तुमचा हट्ट. बाहेरचे परीक्षक काय म्हणतील त्याला मी जबाबदार नाही."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, त्यांनी इंग्लंडात चार वर्षं काढलेली. सर शेजारीच बसले होते. पहिलाच प्रश्न आला तो इंग्रजीतून, की तुम्ही डेझी प्रत्यक्ष पाहिली आहे का?

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही पाहिली असेल."

"रोज पाहायचो. माझ्या घरमालकाच्या हिरवळीवर ढिगानं उगवायची. दर रविवारी तो ती उपटून टाकायचा."

"त्यानं कधी जखमेवर लावली का?"

ते म्हणाले, "नाही. त्याला ते ठाऊक असेल असं वाटत नाही." आणि पानं उलटून तिसऱ्या प्रकरणावर आले. मथीबाय आणि म्हातारेबुवांचं भांडण मी आहे तसं, त्यांच्याच बोलीत आणि खाली इंग्रजीत, दिलं होतं. त्यावर त्यांनी पाऊण तास प्रश्न विचारले. डोळ्यांच्या औषधाला मथीबायनं घेतलेली हरकत त्यांनी दोनदा वाचली आणि 'सांगणारी कोण?' असं विचारलं. मी सांगितलं, मिठागरातली कामगार, निरक्षर. त्यांनी मान डोलावली आणि पेन्सिलीनं समासात काही लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

सरांनी बाहेर आल्यावर अभिनंदन केलं. "लोकगीतांवर केलं असतं तर पहिला वर्ग मिळाला असता," एवढं वर म्हणाले.

लघुप्रबंध मंजूर झाला. मी दुसऱ्या वर्गात एम.ए. झाले. विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्याची बांधीव प्रत आहे. तिसरं प्रकरण पूर्ण आहे आणि माहिती देणाऱ्यांत पहिलं नाव मथीबायचं आहे.